अँबेसिडर डिझेलचे टॅपेट घरच्या घरी: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी जुनी अँबेसिडर, १४८९ सीसीचं बीएमसी डिझेल इंजिन, मुक्काम गुहागर. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची ठरावीक फट, घरी सेट करायला लागल्यापासून आंब्याचा एक हंगाम आणि एक अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता सविस्तर लिहितोय. निकाल आधीच सांगून टाकतो. काम घरी होण्यासारखं आहे. आठ व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या प्रत्येक रॉकरवर फट कमी-जास्त करणारा एक स्क्रू आणि तो जागी धरणारा एक लॉक नट, एवढाच मामला. पण केवळ ‘आवाज गेला पाहिजे’ म्हणून करणार असाल तर हात न लावलेलाच बरा.

कारण टॅपेटची कटकट येते ती रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातल्या फटीमुळे, आणि ही फट मुद्दाम ठेवलेली असते. इंजिन तापलं की दांडा लांबतो, त्याला जागा हवी. फट जास्त झाली की व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, पण निदान इंजिन ओरडून सांगतं. फट कमी झाली तर काहीच ऐकू येत नाही. गाडी उलट गोड वाटते! आत मात्र एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, नीट टेकत नाही, आणि त्याची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर जात असल्यामुळे तो हळूहळू जळतो. शिवाय सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि कुणी हात न लावताही फट मिटत जाते. हवा तेवीस पट दाबणाऱ्या, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो २३:१ असलेल्या इंजिनाला एवढीशी गळतीही सकाळी स्टार्ट करताना लगेच कळते.

गॅरेज सोडलं ते याच पायी. आमच्याकडच्या एका ठिकाणी टॅपेट कानानेच मारायचे, तेही चालवून आणलेल्या गरम गाडीवर. ‘बघा काका, शिलाई मशीन झाली!’ गिऱ्हाईक खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर फट मोजायचा पात्यांचा गेज लावला, तर एक्झॉस्टच्या फटीत ०.२५ मिमीचं पातंसुद्धा जाईना. माझ्या मॅन्युअलमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला पंधरा थाउ (इंचाचे हजारावे भाग) दिलेत, म्हणजे ०.३८ मिमी. हा आकडा माझ्या इंजिनाचा आहे, उचलून दुसरीकडे लावू नका. मर्सिडीजच्या जुन्या ६१६ इंजिनात थंड असताना इनलेट ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३० ठेवतात, म्हणजे तिथे दोन्ही वेगळे.

सामानात लागतो एक फिलर गेज, लॉक नटाला बसणारा रिंग पाना, रुंद तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर आणि टॅपेट कव्हरचं नवं कॉर्क पॅकिंग. गेजचा पहिला सेट दोन-अडीचशेतला घेतला होता. समुद्राच्या हवेने पावसाळा लागायच्या आतच त्याच्या पात्यांवर तांबूस ठिपके आले. दिसायला किरकोळ, पण गंजाने फुगलेलं पातं जे दाखवतं त्यावर विश्वास ठेवता येत नाही. आता पाती पुसून, तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे गृहीतच धरावं.

गाडी रात्रभर उभी ठेवून उजाडताच खळ्यात कव्हर उघडतो. वारा सुटला की वाळू उडते आणि उघड्या हेडवर वाळू नको, म्हणून वेळ तीच. शेजारचे काका हटकून येतात. ‘मेल्या, परत खोललीस?’ म्हणतात आणि मग तासभर टॉर्च धरून उभे राहतात.

इंजिन हँडलने फिरवतो. स्टार्ट करताना इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग काढून ठेवले की दाब सुटतो आणि ते एका हाताने फिरतं. डिझेल बंद करणारी स्टॉपची नॉब ओढलेलीच हवी, नाहीतर इंजिन सुरू होऊ शकतं. डिझेल आहे, त्याला स्पार्क लागत नाही, हे विसरून गिअरमध्ये टाकून गाडी ढकलणारे पाहिलेत. क्रम नऊच्या बेरजेचा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला सेट करायचा, सहावा दाबला की तिसरा, दुसरा दाबला की सातवा. कुठल्याही जोडीची बेरीज नऊ.

खरी मेख लॉक नटात आहे. पातं फटीत ठेवून स्क्रू बरोबर आणला तरी नट आवळताना स्क्रू किंचित सोबत फिरतो आणि फट बदलते. म्हणून नट आवळल्यावर पुन्हा मोजायचं. ‘पातं हलकं ओढलं गेलं पाहिजे’ हे मला कधीच पटलं नाही, प्रत्येकाचा हात वेगळा. मी ०.३५ सहज जातंय आणि ०.४० अडतंय एवढं बघतो. यात वादाला जागा नाही.

तरीही एक-दोन टॅपेट वाजतातच. जुन्या रॉकरच्या टोकाला, व्हॉल्व्ह जिथे ठोकतो तिथे, नखाला लागेल असा खोलगट खड्डा पडतो. सपाट पातं त्या खड्ड्यावर पुलासारखं आडवं बसतं, त्यामुळे गेज ०.३८ दाखवतो आणि खरी फट त्याहून मोठी असते. इथे आवाज मारायला स्क्रू आवळायचा मोह होतो. मी तो आवाज राहू दिलाय. खड्डा पडलेला रॉकर बदलणं किंवा त्याचं टोक घासून घेणं हाच त्यावर उपाय, आणि ते काम मशीन शॉपचं.

कॉर्क पॅकिंगने मात्र डोकं खाल्लं. कव्हरला वरून दोनच नट, जरा जास्त आवळले की कॉर्क दबून बाहेर येतं आणि हेडवरून ऑइल ओघळतं. कॉर्क कव्हरच्या बाजूने चिकटवून हेडच्या बाजूला नुसतं ग्रीस लावलं, नट बेताने आवळले, तेव्हा कुठे गळती थांबली.

फरक काय पडला? सकाळचं स्टार्टिंग. ऐन जुलैच्या ओल्या सकाळीही हीटर दिल्यावर इंजिन पटकन पकडतं, आणि सुरुवातीचा पांढरा धूर लवकर विरतो. आयडलिंग स्थिर झालं. ॲव्हरेज होतं तेवढंच आहे. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटातही काही चमत्कार नाही, जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे अजून दुसराच लागतो. पावसाळा संपताना पुन्हा मोजलं, तर चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट किंचित आवळला होता. बाकी सगळे जागच्या जागी. त्या चौथ्यावर आता लक्ष आहे. पुन्हा आवळला तर हेड उतरवून सीट बघावी लागेल.

तेलाच्या दाबाने फट आपोआप सांभाळणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटच्या गाड्यांत हे काम नसतंच, आणि बकेटवर शिम (जाडीने फट ठरवणारी चकती) असलेल्या इंजिनात मोजणं घरी जमलं तरी शिमा मिळवण्यातच दिवस जातात. ज्यांची गाडी माझ्यासारखी रॉकर-स्क्रूची आहे पण हात काळे करायचे नाहीत, त्यांनी गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला लावावी, सकाळी स्टार्ट करू देऊ नये आणि गेज लावताना स्वतः समोर उभं राहावं.