कॉलेज स्कोअरकार्ड : कर्जाचा आकडा वाचा, कमाईचा जपून

मी ह्यूस्टनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये सीएनए (नर्सिंग असिस्टंट) आहे आणि आता एलव्हीएन (लायसन्स्ड व्होकेशनल नर्स, म्हणजे त्यावरची पायरी) व्हायचं ठरवलंय. (बाकी अमेरिकेत एलपीएन म्हणतात तेच, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात एलव्हीएन.) शाळा निवडताना अमेरिकेच्या शिक्षण खात्याची ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ ही वेबसाइट भरपूर वापरली. ती २०१३ पासून आहे, फुकट आहे, नोंदणी लागत नाही आणि मुख्य म्हणजे नंतर कुणी फोन करून पिच्छा पुरवत नाही. शाळा शोधून देणाऱ्या इतर साइटींवर नंबर टाकून बघा, मग कळेल हे सुख काय असतं.

शाळेच्या नावावर जाऊन ‘फील्ड्स ऑफ स्टडी’ उघडलं की कोर्सनुसार दोन आकडे दिसतात : शिकून बाहेर पडलेल्यांचं मधलं कर्ज आणि त्यांची मधली कमाई (मधलं म्हणजे मीडियन : निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली). आम्हाला हवे ते नेमके हेच. पण नर्सिंगच्या या पायरीवर दोन्ही आकडे दिसतात तितके सरळ नाहीत.

आधी कमाई. साइटवर आपला कोर्स ज्या गटात येतो त्याचं नाव ‘प्रॅक्टिकल नर्सिंग, व्होकेशनल नर्सिंग अँड नर्सिंग असिस्टंट्स’. म्हणजे मी आज जे काम करते ते आणि मला उद्या जे करायचंय ते, दोन्ही एकाच खणात. कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांनुसार देशभरात एलपीएन-एलव्हीएनची मधली कमाई वर्षाला ६२,३४० डॉलर आहे, नर्सिंग असिस्टंटची ४० हजारांच्या आत. ज्या कॉलेजात दोन्ही कोर्स चालतात, तिथला आकडा कुणाचा समजायचा? वर कमाई मोजताना त्या वेळी शिकत असलेल्यांना वगळतात, म्हणजे एलव्हीएन होऊन लगेच आरएनच्या (रजिस्टर्ड नर्स, पुढची पायरी) वर्गात बसलेली हुशार मुलगी हिशेबातच नाही. आणि शाळेच्या चार शाखा असतील तर चौघींचा मिळून एकच आकडा. डॅलसच्या शाखेची कमाई ह्यूस्टनवाल्याने बघून काय करायचं?

खरं सांगायचं तर या पेशात शाळेमुळे पगार बदलतो असं मला फारसं दिसलं नाही. आमच्या मजल्यावर दोन एलव्हीएन आहेत, एक कम्युनिटी कॉलेजची (स्थानिक सरकारी कॉलेज), दुसरी महागड्या खाजगी शाळेची. रुजू एकाच सुमाराला झाल्या, तासाचा दर तोच. फरक पडतो तो रात्रपाळीने, अनुभवाने, एजन्सीतून काम घेतलं तर. लायसन्स बघतात, सर्टिफिकेटवरचा शिक्का कुणी विचारत नाही. म्हणून दोन शाळांच्या कमाईत दोन-तीन हजारांचा फरक दिसला तर मी तो सोडून देते.

कर्जाचा आकडा मात्र कामाचा, फक्त त्यातली एक मेख ओळखायला हवी. मी एका खाजगी शाळेत चौकशीला गेले होते. कोर्स साधारण वर्षाचा, सगळं मिळून ३१ हजार डॉलर. फीवाल्या बाईंनी कागदावर मांडणी करून दिली : पूर्ण पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत) मिळाली तर ७,३९५, सरकारी कर्ज ९,५००, उरलेल्या १४ हजारांसाठी ‘आमच्या ओळखीची’ कर्ज कंपनी. घरी येऊन स्कोअरकार्ड उघडलं तर त्या शाळेचं मधलं कर्ज ९,५००! बघणाऱ्याला वाटेल, किती माफक. पण स्वतंत्र विद्यार्थ्याला (लग्न झालेले सगळे यात येतात) पहिल्या वर्षी सरकारी कर्ज मिळतंच जास्तीत जास्त ९,५००. आकडा कमालमर्यादेला टेकलाय, एवढाच त्याचा अर्थ. खाजगी कर्ज तिथे मोजलेलंच नाही. सरकारी ९,५०० चा हप्ता २०२५-२६ च्या ६.३९ टक्के दराने दहा वर्षं महिन्याला १०७ डॉलर. ओळखीच्या कंपनीने १४ हजारांना १२ टक्के लावले तर आणखी २०० डॉलर. म्हणजे मोठा हप्ता नेमका तो, जो साइटवर दिसत नाही.

तेव्हा एलव्हीएनच्या शाळेपुढे ९,५०० किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसला तर एकूण फी लेखी मागा आणि वजाबाकी स्वतः करा. छोट्या शाळांचे आकडे बरेचदा दिसतच नाहीत, विद्यार्थी कमी असले की गोपनीयतेसाठी झाकतात. तिथेही हीच वजाबाकी.

एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या मैत्रिणींसाठी : सरकारी मदत तुम्हाला मिळत नाही आणि हे आकडे फक्त ती मदत घेतलेल्यांचे असतात. त्यामुळे तुमच्यासाठी कर्जाचा रकाना जवळजवळ निरुपयोगी, रोख फी विचारा.

साइटवर नसलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे एनक्लेक्स-पीएन (एलव्हीएनच्या लायसन्सची परीक्षा) पहिल्या झटक्यात पास होणाऱ्यांचं प्रमाण. ते टेक्सास बोर्ड ऑफ नर्सिंगच्या साइटवर शाळेनुसार मिळतं, आणि शाळेने ८० टक्के गाठावेत अशी बोर्डाची अपेक्षा असते. परीक्षा पास झाली नाही तर लायसन्स नाही, आणि हप्ता मात्र सुरू. हा रकाना शिक्षण खात्याने शेजारी जोडला असता तर मी पाचपैकी पाच दिले असते. सध्या साडेतीन.

आता कम्युनिटी कॉलेजवाल्यांनाही एक टोमणा. माझ्या यादीतल्या कॉलेजचा सगळा खर्च ९ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे खाजगीपेक्षा २२ हजार कमी. पण जागा मोजक्या, नंबर लागायची वाट बघावी लागते, आणि स्कोअरकार्ड वाट बघण्याची किंमत दाखवत नाही. सीएनए आणि एलव्हीएनच्या वर्षभराच्या कमाईतला फरक टॅक्सआधी २२ हजारांच्या वर जातो. एक पूर्ण वर्ष थांबलात तर स्वस्त कॉलेजचा फायदा जवळपास तिथेच संपला. खाजगी शाळेतली बाई हेच सांगत होती आणि तिचं गणित चूक नव्हतं. फक्त तिथले क्रेडिट (शिकलेल्या विषयांची जमा) पुढे आरएनला धरतील का, यावर तिने विषय बदलला.

माझ्या कॉलेजात एका सेमिस्टरची वाट आहे, क्रेडिट पुढे चालतात, पास होण्याचं प्रमाण ८० च्या बरंच वर. म्हणून थांबलेय. वाट वर्षाची असती तर खाजगी शाळेत परत गेले असते, पण बोर्डाच्या साइटवरचा तिचा टक्का बघून आणि त्या १४ हजारांचा व्याजदर लेखी घेऊन.