ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड, नेक्रोमॅन्सर खेळणाऱ्यांच्या नजरेतून (स्पॉयलर आहेत)

हा पूर्ण गेमचा रिव्ह्यू नाहीये, ते बाकीचे लोक करून मोकळे झालेत. मी कुठलाही फँटसी आरपीजी (एखादं पात्र घेऊन त्याची गोष्ट खेळायचा गेम) घेतला की आधी हाडं उठवणारा क्लास, म्हणजे नेक्रोमॅन्सर, मेलेल्यांना उठवणारा जादूगार, शोधतो, आणि बायोवेअरचा हा २०२४ चा गेम घेतलाच मुळात यासाठी की त्यात एमरिक नावाचा एक सभ्य, टापटीप, प्रोफेसर टाइप नेक्रोमॅन्सर कम्पॅनियन, म्हणजे आपल्यासोबत फिरणारा साथीदार आहे.

बहुतेक गेममध्ये नेक्रोमॅन्सर म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, आणि गेम त्याला त्याबद्दल एका शब्दाने जाब विचारत नाही. डायब्लोमध्ये निदान कारण तरी दिलंय, राथमाचे पुजारी, स्वर्ग असो नाहीतर नरक, कोणालाच वरचढ होऊ द्यायचं नाही, तोल सांभाळायचा वगैरे. ऐकायला भारी वाटतं, पण कॉर्प्स एक्स्प्लोजन मारताना ते प्रेत राक्षसाचं की नादी लागलेल्या माणसाचं हे कोण बघतं, फुटलं, चला पुढे. स्कायरिममध्ये तर उठवलेला डाकू तुमच्यासाठी लढून परत पडतो तेव्हा चक्क 'थँक यू' म्हणतो, म्हणजे सुटलो एकदाचा, आणि आपण त्याच्या राखेच्या ढिगातून सामान काढून चालू पडतो! एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये २०१९ ला हा क्लास आला तेव्हा भर गावात लोकांसमोर सांगाडा काढला की गुन्हा धरतात, गार्ड मागे लागतात, ती आयडिया मला आवडली होती. पण वेशीबाहेर काय वाट्टेल ते करा, तेच लोक तुम्हाला हिरो म्हणणार. म्हणजे प्रश्न फक्त कोणी बघतंय का एवढाच.

व्हेलगार्ड इथे वेगळा पडतो. एमरिकचा देश नेवारा. थेडासमध्ये, म्हणजे गेमच्या जगात, बाकी ठिकाणी प्रेतं जाळतात, नेवारात ममी करून जपून ठेवतात. त्यांची समजूत अशी की माणसाचा आत्मा पलीकडे गेला की तिथल्या एखाद्या स्पिरिटची जागा जाते, मग त्या बिचाऱ्याला राहायला हे रिकामं शरीर द्यायचं. म्हणजे आत्मा कोंडून ठेवलेला नाही, मेलेल्याला गुलाम केलेलं नाही, आणि पुढे आपल्या देहाचं काय होणार हे तिथल्या माणसाला जिवंतपणीच माहीत असतं. आता ही पण एक सोयीस्कर समजूत असू शकते, गेम ती तपासून बघत नाही याचा मला थोडा राग आहे, पण निदान परवानगीचा विचार तरी कोणीतरी केलाय ना.

आणि मॅनफ्रेड! एमरिकचा हरकाम्या सांगाडा, आत कुतूहलाचं स्पिरिट. बोलता येत नाही, नुसता हिस्स हिस्स करतो, पण प्रत्येक नवीन गोष्टीत डोकं घालायचंच. एमरिक त्याला नोकरासारखं नाही, नुकतं शाळेत घातलेल्या पोरासारखं वागवतो. म्हणून पुढे मॅनफ्रेड संपतो तेव्हा जो चॉइस येतो तो खरंच जड जातो. एमरिकला मरणाची प्रचंड भीती, आयुष्यभराचं स्वप्न काय तर लिच, म्हणजे मेल्यावरही जादूने टिकून राहणारा जादूगार, होऊन अमर व्हायचं. आता एक तर तो लिच होणार आणि मॅनफ्रेड गेला तो गेला, नाहीतर मॅनफ्रेडला परत आणायचं आणि स्वतः साध्या माणसासारखं कधीतरी मरायचं. गंमत म्हणजे लिच होणं इथे व्हिलनगिरी नाही, नेवाराच्या नेक्रोपोलिसमध्ये (मेलेल्यांना जपून ठेवायची प्रचंड जागा) लिच मानाने राहतात, आणि एमरिकला तिथे पोचायचं तर गेलेल्याला जाऊ द्यायला शिकायला लागतं. म्हणजे मेलेल्याला न उठवणं ही नेक्रोमॅन्सरची सगळ्यात अवघड परीक्षा. मी मॅनफ्रेडला परत आणलं. लॉजिकने बघितलं तर ते चूक होतं असं माझे मित्र म्हणतात, म्हणू देत.

आता खेळताना काय. इथे माती खाल्लीय. मेज (जादूगार) क्लास घेतला तर डेथ कॉलर नावाचं स्पेशलायझेशन मिळतं, नाव ऐकून मी खूश, प्रत्यक्षात शत्रूचा जीव शोषा, नेक्रोटिक डॅमेज टाका, बस. सांगाड्यांची फौज नाहीच. इतका विचार करून लोर (गेमच्या जगाची पार्श्वकथा) लिहिलं, आपल्या पात्राच्या बॅकग्राउंडला मोर्न वॉच निवडता येतं, म्हणजे तुम्ही स्वतः त्याच नेक्रोपोलिसचे राखणदार, आणि हातात एक सांगाडा देत नाहीत राव. डायलॉगमध्ये तेवढं 'हो, आमच्याकडे असंच असतं' टाइप बोलायला मिळतं, ते मात्र मस्त जमलंय, मोर्न वॉचच घ्या.

मिनियन बिल्डसाठी, म्हणजे उठवलेली फौज घेऊन खेळायला, हात शिवशिवत असतील तर डायब्लो ४ बरा, तिथे बुक ऑफ द डेडमधून कुठले सांगाडे ठेवायचे, कुठले बळी देऊन स्वतःची ताकद वाढवायची हे सगळं ठरवता येतं. व्हेलगार्ड सेलमध्ये दिसला तर उचला, एमरिकचे सगळे क्वेस्ट करा, आणि लिचवाला चॉइस येण्याआधी एक वेगळा सेव्ह ठेवा, मला दुसरा शेवट बघायला तिथपर्यंत सगळं परत खेळावं लागतंय.