आयसोलेशनमध्ये गेलेली क्रूझ, ३ स्टार
सात दिवसांची क्रूझ होती, चढायच्या आधी कोविडची टेस्ट निगेटिव्ह, लसीचं सर्टिफिकेट दाखवलं, सगळं नीट, आणि तिसऱ्या दिवशी आईला ताप आला, टेस्ट पॉझिटिव्ह, मग आम्हा दोघींना सामानासकट खालच्या डेकवरच्या वेगळ्या केबिनमध्ये हलवलं ते शेवटपर्यंत. डॉक्टर-नर्स खरंच चांगले, दिवसातून दोनदा फोन करून विचारायचे. पण जेवण दाराबाहेर ठेवायचे ते गार झालेलं, आणि केबिनला खिडकीच नाही, याचा मला फार राग आला, आजारी माणसाला निदान उजेड तरी द्या ना!

नियम मात्र पटतात. २०२० ला जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर ३,७०० च्या आसपास लोक अडकलेले आणि ७०० हून जास्त जणांना लागण झालेली, जहाजावर लिफ्ट, जिने, जेवणाचा हॉल सगळं एकच असतं.

जाणार असाल तर आयसोलेशनची केबिन कशी असते ते बुकिंगच्या आधीच विचारा, जहाजावरच्या दवाखान्याचं बिल कव्हर होईल असा इन्शुरन्स घ्या आणि रोजच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या ठेवा, आईच्या बीपीच्या गोळ्या शेवटच्या दिवशी संपल्या. वाया गेलेल्या दिवसांचे पैसे परत नाही मिळाले, पुढच्या ट्रिपसाठी क्रेडिट दिलंय.