अबार्थ पुंटोला पीयूचं इंजिन फाउंडेशन: अकरा महिने, चौदा हजार किलोमीटर

निकाल आधीच सांगून टाकतो. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांना फाउंडेशन म्हणतात, आणि मी हौसेने ती तिन्ही कडक पीयूची, म्हणजे पॉलीयुरेथेनची, करून बसलो होतो. आज गाडीत त्यातलं एकच उरलंय, आणि ते मी काढणार नाही. बाकीची दोन फोंड्याला घरच्या पडवीत, काजूबियांच्या रिकाम्या डब्यात पडून आहेत.

गाडी २०१६ ची अबार्थ पुंटो. १.४ लिटर टी-जेट टर्बो पेट्रोल, १४५ पीएस, २१२ न्यूटन-मीटर, हाताने टाकायचे पाच गिअर, रांजणगावची पैदास. काटेकोर बघायला गेलं तर ही स्पोर्ट्स कार नव्हेच, गरम डोक्याची हॅचबॅक आहे. पण इथे लिहिलेलं बहुतेक सगळं आडव्या इंजिनाच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या कुठल्याही तिखट गाडीला लागू पडेल. फियाटने इथला गाड्यांचा धंदा गुंडाळल्यापासून सुटा भाग हवा असला की देवाला कौल लावायची पाळी येते. उजवी पाकळी पडली तर भाग मिळतो. मी पीयूकडे वळलो त्याचं खरं कारण हे. वेगाची हौस नंतर जागी झाली.

दुखणं असं होतं: दुसऱ्या गिअरात पाय दाबून सोडला की खालून 'धप्प'. सकाळी रिव्हर्स टाकताना पुन्हा 'धप्प'. डिचोलीच्या ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढला आणि मला पहिल्या गिअरात क्लच जरासा सोडायला सांगितला. इंजिन खाटेवरून उठणाऱ्या माणसासारखं वर आलं. खालच्या फाउंडेशनच्या रबराला एवढी चीर होती की त्यात करंगळी जात होती. उजव्या बाजूला काळपट ओघळ होता. मी तो महिनाभर ऑइल गळती समजत होतो. ते ऑइल नव्हतं, फाउंडेशनच्या पोटातलं द्रव होतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तिथे नुसतं रबर नसतं. आत दोन कप्पे, मध्ये अरुंद वाट आणि त्यातून ये-जा करणारं द्रव असतं, ते इंजिनाचं डोलणं शोषून घेतं. ते वाहून गेलं की उरतो तो रबराचा पोकळ गोळा.

ज्यांना मांडणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वरची दोन फाउंडेशन, एक इंजिनाच्या बाजूचं आणि एक गिअरबॉक्सच्या बाजूचं, वजन पेलतात. तिसरं खाली असतं, हाडाच्या आकाराचं, म्हणून त्याला डॉगबोन म्हणतात. ते वजन पेलत नाही, फक्त इंजिनाला पुढे-मागे लोळू देत नाही. हे लोळणं किरकोळ नसतं. क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, २१२ न्यूटन-मीटर असले तरी पहिल्या गिअरात चाकांपर्यंत पोचताना ते दहापटीहून जास्त होतात. जेवढा जोर चाकं फिरवायला जातो तेवढाच उलटा जोर इंजिन-गिअरबॉक्सच्या अख्ख्या जोडीला मागे लोटतो. म्हणजे दोन हजारांहून जास्त न्यूटन-मीटर त्या तीन रबरांनी अडवायचे.

दसऱ्याच्या आठवड्यात फक्त खालचं पीयूचं बसवलं, ८० शोर ए कडकपणाचं (शोर ए हे रबराचा कडकपणा मोजायचं माप, आकडा जास्त तितकं कडक). पहिले दोन दिवस सीटच्या पाठीत बारीक गुणगुण जाणवली, पाचेकशे किलोमीटरनंतर निम्मी झाली. फरक मात्र पहिल्याच वळणावर कळला. पायाचं बोलणं इंजिनापर्यंत लगेच पोचायला लागलं. पूर्वी ॲक्सिलरेटर दाबला की आधी इंजिन मागे रेलायचं आणि मग गाडी निघायची. आता मधली ती जांभई गेली. गिअरही स्वच्छ पडायला लागले. त्यांच्या केबलचं एक टोक बॉडीकडे आणि दुसरं गिअरबॉक्सवर, त्यामुळे गिअरबॉक्स डुलला की केबलची ओढाताण व्हायची. केरीहून चोर्ला घाट चढताना दुसऱ्या गिअरातल्या आवळ वळणांवर पाय उचला, टाका, उचला, टाका असं चालतं. तिथे पूर्वी दर वेळी एक हिसका बसायचा. तो जवळपास संपला. मी बेळगावपर्यंत विनाकारण जाऊन कुंदा घेऊन आलो.

आणि मग हावरटपणा नडला. एकाने एवढी मजा, तर तिघांनी किती? जानेवारीअखेर वरची दोनही मागवली, ९५ शोर ए ची. कंपनीचं रबर याच मापात साधारण पन्नास-साठच्या घरात असतं. डिचोलीच्या मेकॅनिकने ते हातात घेतलं, अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाला, "पात्रांव, हें रबर न्हय, फातर." फातर म्हणजे दगड. त्याच्याकडे त्या आठवड्यात वेळ नव्हता, मला धीर नव्हता, म्हणून पणजीजवळच्या एका गॅरेजात बसवून घेतली. त्यांनी इंजिन जॅकवर टांगलेलं असतानाच सगळे बोल्ट पूर्ण आवळले. जॅक काढल्यावर वजन खाली आलं आणि पीयू तिरपं पिळलेलं राहिलं. गाडी दोन हजार आरपीएमलाही मिक्सरसारखी थरथरायची. पुढच्या आठवड्यात डिचोलीला बोल्ट ढिले केले, इंजिनाला आपल्या जागी नीट बसू दिलं, मग आवळले. थरथर निम्म्याने कमी झाली. तुम्ही पीयू लावा नाहीतर कंपनीचं रबर, ही एक गोष्ट समोर उभं राहून करून घ्या.

उरलेली निम्मी थरथर मात्र कुठल्याच पान्याने जाणारी नव्हती. तिचा हिशेब मला मे महिन्यात, जुवारी पुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना, सुचला. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट होतात. आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचं फिरणं, ७५० आरपीएम धरलं तर सेकंदाला २५ स्फोट. रबरावर टांगलेल्या इंजिनाचं स्वतःचंही एक डोलणं असतं, समजा सेकंदाला दहाच्या आसपास. स्फोटांचा वेग त्या डोलण्याच्या दीडपटीपलीकडे गेला की थरथर रबरात जिरायला लागते, आणि जितका पुढे तितकी जास्त जिरते. इथे तो अडीचपट आहे, म्हणून कंपनीची गाडी उभी असताना शांत असते. आता फाउंडेशन चौपट कडक केलं की ते डोलणं दुप्पट होतं, म्हणजे वीस. २५ आणि २० एवढे जवळ आले की रबर थरथर जिरवत नाही, उलट वाढवून बॉडीकडे पाठवतं. दोन हजार आरपीएमला स्फोट सेकंदाला ६७ च्या घरात जातात, तिथे पुन्हा सगळं आलबेल. त्यामुळे 'पीयूने गाडी थरथरते' हे अर्धंच खरं. ती उभी असताना थरथरते. आणि गोव्यात मे महिन्यात उभ्या गाडीत एसी बंद ठेवणं माणसाला जमत नाही. कॉम्प्रेसर लागला की आरपीएम क्षणभर खाली बसतो, आणि नेमका तोच क्षण सगळ्यात वाईट.

त्या चार महिन्यांत काय काय पाहिलं ते सांगतो. सिग्नलला आतल्या आरशात मागच्या बसचे दोन दिवे चार दिसायचे. डॅशबोर्डवरचा पितळी गणपती दर सिग्नलला जरा जरा सरकत फिरायचा आणि पर्वरीहून फोंड्याला पोचेपर्यंत डाव्या खिडकीतून बाहेर बघत बसलेला असायचा. शेवटी त्याला दुहेरी टेपने चिकटवला, माफी मागून. आईला मंगेशीला घेऊन गेलो तेव्हा ती मागे बसली होती. रांगेत गाडी उभी राहिल्यावर म्हणाली, "गाडीला हीव भरलंय की काय रे?" परतताना बाबांच्या जुन्या अल्टोत बसली.

बरं, एवढं सोसून घाटात काही जास्तीचं मिळालं का? खरं सांगायचं तर नाही. खालच्या एकाने जे दिलं त्यात वरच्या दोघांनी फारशी भर घातली नाही. इंजिन लोळतं ते मुख्यतः खालच्या हाडाने थांबतं, वरच्या दोघांचं मुख्य काम वजन पेलणं आणि थरथर गिळणं. ते गिळणंच मी काढून घेतलं होतं. पोर्शसारख्यांना मागे लोंबणाऱ्या इंजिनामुळे ही गरज खरी असते. वळणात ते अवजड इंजिन उशिराने झुलतं आणि गाडीची शेपूट ओढतं. पण त्यांनीही ९११ जीटी३ ला नुसता दगड बसवला नाही, चुंबकाने घट्ट होणारं द्रव भरलेली फाउंडेशन दिली. सिग्नलला मऊ, ट्रॅकवर कडक. तसलं काही आपल्या नशिबी नाही.

मेअखेर वरची दोन कंपनीची नवी मिळाली (कौल लागला) आणि बदलून टाकली. त्याच सुमारास मडगावच्या एका मित्राने आपल्या लिनिया टी-जेटला खालचं फाउंडेशन नवं बसवलं, साधं, कंपनीचं रबर. मी ती चालवली आणि गप्प झालो. 'धप्प' नाही, गिअर स्वच्छ, पाय दाबल्यावर जांभई नाही. ऑक्टोबरपासून मी ज्याचं श्रेय पीयूला देत होतो त्यातलं बरंचसं चीर न पडलेलं कुठलंही रबर देऊ शकलं असतं. मी पीयूची तुलना करत होतो ती सात-आठ वर्षं सडलेल्या रबराशी, आणि तसल्यासमोर कुणीही शहाणंच दिसणार. यावरचे कौतुकाचे अनुभव वाचताना मी आता आधी हेच शोधतो, की जुनं काढलं ते कुठल्या अवस्थेत होतं. बहुतेक जण ते लिहीतच नाहीत. मीही पहिल्या महिन्यात मित्रमंडळींना सांगत सुटलो होतो तेव्हा ते सांगितलं नव्हतं.

मग खालचं पीयू का ठेवलं? त्याचं उत्तर पावसाने दिलं. आमच्या घराकडे येणारा शेवटचा चढ चिऱ्यांचा आहे. जुलैत त्यावर शेवाळ धरतं. पूर्वी तिथे पहिल्या गिअरात चाक घसरलं की नुसतं घसरायचं नाही, उड्या मारायचं. पकड सुटते, इंजिन पुढे झुलतं, पकड येते, इंजिन मागे आदळतं, आणि या लयीत अख्खं नाक धडधडतं. एक्सलची काय दशा होत असेल ते विचारू नका. या पावसाळ्यात चाक फिरलं, पण उडालं नाही. मित्राची लिनिया त्याच चढावर चवथीला आली होती. रबर नवं असूनही दोनदा उडाली. तिची ताकद कमी, टायर वेगळे, हे मान्य, पण फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता. घाटातला पाय उचला-टाकाचा हिसकाही लिनियात थोडा आहे, माझ्यात नाही. एवढ्यासाठी आयडलिंगला स्टिअरिंगवर येणारी हलकी गुणगुण मला परवडते. आई पुन्हा गाडीत बसायला लागली आहे.

घेणार असाल तर विकणाऱ्याला पीयू ईथर जातीचं आहे की एस्टर, ते विचारा. एस्टरचं तेल-ग्रीसला छान टिकतं, पण उष्ण दमट हवेत पाणी त्याला आतून फोडत जातं, आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने दुसरं काही नसतंच. माझं ईथरचं आहे, पावसाळ्यानंतर काढून बघितलं, कडा शाबूत होत्या. बोल्टची गोष्ट वेगळी. खालच्या बोल्टच्या डोक्यावर खाऱ्या हवेने तांबडा पापुद्रा धरलाय, सॉकेट पहिल्यांदा निसटलाच. नवा बोल्ट मागवलाय, अजून आलेला नाही.