करारवाद की युगवाद? बायबल वाचण्याच्या दोन चौकटी

बायबल सलग वाचायला घेतले की यिर्मयाच्या ३१व्या अध्यायापाशी थांबून एक गोष्ट ठरवावी लागते. इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याशी आपण नवा करार करणार, असे तिथे परमेश्वर सांगतो. इब्री लोकांस पत्राच्या ८व्या अध्यायात हाच उतारा घेऊन तो ख्रिस्ताच्या मध्यस्थीला लावला आहे. मग हे वचन नेमके कोणाचे? यहुदी राष्ट्राचे, की सर्व राष्ट्रांतून गोळा झालेल्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे? दोन्ही अध्याय कितीही वेळा वाचले तरी नुसत्या वाचनाने हे सुटत नाही. कोणत्या वचनाच्या उजेडात कोणते वचन वाचायचे, हे वाचकाच्या ईश्वरविज्ञानाने आधीच ठरवून टाकलेले असते.

प्रॉटेस्टंट वाचकापुढे अशा दोन मोठ्या चौकटी आहेत. अभ्यास-बायबल (वचनांसोबत टिपा छापलेले बायबल) विकत घेताना किंवा एखाद्या अभ्यासगटात बसायला लागल्यावर त्यांतली एक बहुधा नकळतच अंगवळणी पडते. ‘आम्ही फक्त जे लिहिले आहे तेच वाचतो’ असे दोन्ही बाजू सांगतात. निवड करताना हा दावा आधी बाजूला ठेवावा.

करारवाद म्हणजे कव्हेनंट थिऑलॉजी. त्याची मांडणी प्रॉटेस्टंटांतल्या सुधारणावादी (रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या) परंपरेतली. १६४६ साली पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराच्या (या परंपरेच्या श्रद्धा-जाहीरनाम्याच्या) ७व्या प्रकरणात ती नेटकी सापडते. आदामाशी केलेला कर्मांचा करार मोडला. त्यानंतर मात्र कृपेचा एकच करार, नियमशास्त्राच्या काळात एका रूपात आणि सुवार्तेच्या काळात दुसऱ्या. म्हणून देवाची प्रजाही एकच. अब्राहामाला दिलेली वचने ख्रिस्तात पूर्ण होतात आणि जो ख्रिस्ताचा तो अब्राहामाचा वारस, हे गलतीकरांस ३:२९ इथे कळीचे वचन ठरते.

युगवाद, म्हणजे डिस्पेन्सेशनॅलिझम, १९व्या शतकातला. जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने तो मांडला आणि १९०९ साली आलेल्या, स्कोफील्ड या अमेरिकन टीपकाराच्या संदर्भ-बायबलने तो घरोघर नेला. वचनाच्याच पानावर टीप छापल्यामुळे पुष्कळ वाचकांना वचन कुठे संपले आणि स्कोफील्ड कुठे सुरू झाला, हेच कळेनासे झाले असावे. स्कोफील्डने इतिहासाची सात युगे पाडली: निर्दोषता, विवेकबुद्धी, मानवी सत्ता, वचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य. या चौकटीचा खरा कणा मात्र युगांची संख्या नसून इस्राएल आणि मंडळी यांना वेगळे ठेवणे हा आहे. इस्राएलाला दिलेली भूमी, सिंहासन आणि मंदिर ही वचने इस्राएललाच, अक्षरशः मिळणार.

दोन्ही चौकटींचा कस अडचणीच्या उताऱ्यांवर लागतो. यहेज्केल ४० ते ४८ घ्या. नऊ अध्याय मंदिराची मोजमापे, दरवाजे, वेदी, याजकांचे नियम. युगवादी म्हणतो, इतकी मापे कोणी प्रतीकासाठी देत नाही. हे मंदिर उभे राहणारच. आक्षेप वजनदार आहे, आणि करारवादी टीकाकार हे अध्याय झटकन ‘देवाच्या सान्निध्याचे चित्र’ म्हणून उरकतात तेव्हा तो आणखी वजनदार वाटतो. पण त्याच मंदिरात पापार्पणे आहेत, आणि इब्री १०:१८ सांगते की पापांची क्षमा झाली तिथे आता पापाबद्दल अर्पण उरत नाही. यावर अनेक युगवादी म्हणतात की ती अर्पणे केवळ स्मरणार्थ असतील. यहेज्केल ४५:१५ मात्र स्पष्ट म्हणते, ती प्रायश्चित्तासाठी आहेत. म्हणजे अक्षरशः अर्थाचा आग्रह धरणारी चौकट इथे स्वतःच अक्षर सोडते.

प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये असाच दुसरा प्रसंग दिसतो. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी, सुंता करावी का, हा वाद यरुशलेमेत आला, आणि दाविदाचा पडलेला डेरा पुन्हा उभारण्याविषयीचे आमोस संदेष्ट्याचे भाकीत मंडळीचा पुढारी याकोब याने त्या निकालासाठी पुढे केले. करारवादी विचारतो: भाकीत अजून पूर्ण व्हायला लागलेच नसेल, तर त्या दिवशीच्या प्रश्नाला ते लागू कसे? स्कोफील्डच्या वाचनात ‘यानंतर’ म्हणजे मंडळीचे युग सरल्यानंतर. मला हे ओढून ताणून आणलेले वाटते. प्रेषितांनी जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, कसा वाचला, हा निकष मानला तर करारवाद पुढे आहे.

रोमकरांस ११ मात्र पारडे पुन्हा हलवते. इस्राएल पूर्वजांमुळे देवाला प्रिय आहे आणि देवाची दाने व पाचारण अपरिवर्तनीय आहेत, असे पौल लिहितो. मंडळीने इस्राएलची जागा पूर्णपणे घेतली, असे म्हणणाऱ्यांना हा अध्याय पचवणे जड जाते. या विचाराचे टोक यहुद्यांच्या तिरस्कारापर्यंत गेल्याचा इतिहास आहे आणि तो विसरून चालणार नाही. जॉन मरेसारखा करारवादी भाष्यकार या अध्यायात वांशिक इस्राएलच्या भवितव्याची आशा वाचतो, म्हणजे चौकट इतकी बंदिस्त असावीच लागते असे नाही.

रोजच्या मंडळीजीवनात फरक जाणवतो तो बाप्तिस्म्यात. सुंतेच्या जागी बाप्तिस्मा आला असे मानले, तर विश्वासणाऱ्यांच्या बालकांनाही तो द्यावा लागतो. करारवादी बहुधा देतात, युगवादी बहुधा देत नाहीत. १६८९च्या लंडन बॅप्टिस्ट विश्वासांगीकाराने वेस्टमिन्स्टरचा बराच मजकूर घेतला आणि बालबाप्तिस्मा नाकारला, तेव्हा हे समीकरणही पक्के नाही. डोंगरावरचे प्रवचन? स्कोफील्डच्या मते त्याचा प्राथमिक रोख येणाऱ्या राज्यावर आहे, मंडळीवर नाही. या एका टिपेने पुष्कळ वाचक युगवादापासून दुरावले, आणि त्यांना दोष देता येत नाही. प्रकटीकरण २० मधल्या ख्रिस्ताच्या राज्याच्या हजार वर्षांवरून सर्वाधिक वाद होतात. तेवढ्यावर चौकट निवडू नये. प्राचीन चर्चचा धर्मविचारक ऑगस्टीन याने ती वर्षे मंडळीचा काळ म्हणून वाचली, तेव्हा या दोन्ही चौकटी जन्मलेल्याही नव्हत्या.

मधली वाटही आहे. २०व्या शतकाच्या अखेरीस पुढे आलेला प्रगत युगवाद मान्य करतो की नवा करार मंडळीत आताच सुरू झाला आहे. इस्राएलची वचने तो पुढे राखून ठेवतो. यिर्मयापाशी अडलेल्याला हे बरे वाटेल, जुन्या युगवाद्याला तडजोड वाटेल.

संदेष्ट्यांचे शब्द त्यांच्या पहिल्या श्रोत्यांच्या कानांनी ऐकायचे असतील, तर युगवादी शिस्त कामाची आहे, निदान काही काळ. उत्पत्तीपासून येशूपर्यंत एक धागा शोधायचा असेल किंवा गटाला शिकवायचे असेल, तर मी करारवाद सुचवीन. अभ्यास-बायबल मात्र घाईने घेऊ नका. आधी टिपांविना रोमकरांस ९ ते ११ एका बैठकीत वाचा, मग दोन्ही बाजूंच्या टिपा समोर ठेवून यहेज्केल ४५:१५ आणि रोमकरांस ११:२८-२९ उघडा. पहिल्या ठिकाणी युगवादी टीपकार आणि दुसऱ्या ठिकाणी करारवादी काय करतो ते पाहा: तो अडचण कबूल करतो, की पुढच्या वचनावर उडी मारतो.