टेन्स मशीन : हाताच्या नसांच्या वेदनेसाठी आठ-नऊ महिन्यांचा वापर

मोटारसायकलच्या अपघातात माझ्या मानेतून हाताकडे जाणारे नसांचे जाळे, म्हणजे ब्रॅकियल प्लेक्सस, तुटले. पायातील नस काढून तिथे जोडण्यात आली आणि पुढे कोपर वाकू लागले; मात्र हाताच्या पंज्यातील आग आणि करंट बसल्यासारखी कळ तशीच राहिली. जोडलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणून हालचाल यायला वेळ लागणार हे समजले होते. वेदनेचे गणित मात्र वेगळे आहे, कारण नसेचे मूळ मज्जारज्जूपासूनच उपटले गेले असेल तर वेदना मज्जारज्जूत तयार होते आणि हात सुधारला तरी ती राहू शकते.

नसांच्या वेदनेवरची प्रीगाबालिन ही गोळी चालू असतानाच फिजिओथेरपिस्टने दोन चॅनेलचे (पॅडच्या दोन जोड्या लावता येणारे), सेलवर चालणारे टेन्स मशीन, म्हणजे त्वचेवर लावलेल्या पॅडमधून विजेचा सौम्य प्रवाह देणारे यंत्र, सुचवले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते : दुखते पंज्यात म्हणून पॅड पंज्यावर लावायचे नाहीत. बधिर त्वचेवर प्रवाह किती तीव्र झाला हे कळत नाही, त्वचा भाजू शकते आणि उपयोगही होत नाही. माझ्या दंडाच्या आतल्या बाजूची आणि खांद्यामागची त्वचा शाबूत आहे, तिथे पॅड लावून मी ८० ते १०० हर्ट्झवर (सेकंदाला तितकी स्पंदने), दुखणार नाही पण स्पष्ट जाणवेल इतक्या झिणझिण्या ठेवतो. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, हा मेल्झॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५ साली मांडलेला सिद्धांत यामागे आहे.

मशीन चालू असताना आणि नंतर काही वेळ आग निश्चित मंदावते, त्यामुळे रात्री झोप लागते. अचानक येणाऱ्या झटक्यांवर मात्र त्याचा परिणाम जवळजवळ नाही, आणि गोळी कमी करण्याचा निर्णयही डॉक्टरांवरच सोडावा. ती एकदम बंद करू नये. रोज एकाच सेटिंगवर चालवल्यास असर घटत जातो, म्हणून मला वारंवारता अधूनमधून बदलावी लागते.

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गावात भारनियमन असतेच, त्यामुळे सेलवर चालणे ही मोठी सोय ठरली. खरा त्रास पॅडचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत घामाने चिकटपणा जातो, कडा सुटतात आणि सुटलेल्या जागी प्रवाह एकवटून चटका बसतो, म्हणून त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी लागते. मशीनपेक्षा पॅडवर होणारा खर्च मला अधिक जाणवला. एका हाताने ते चिकटवणे अवघड असल्याने हे काम आई करते.

पेसमेकर असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये आणि मानेच्या पुढील बाजूला पॅड लावू नयेत. विकत घेण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडे काही दिवस लावून पाहावे, कारण माझ्यासोबत उपचार घेणाऱ्या एकाला त्याचा काहीच गुण आला नाही.