टेंपरेचर गन: बिडाच्या तव्यावर एकदम करेक्ट, स्टीलच्या पातेल्यावर अजिबात भरवसा ठेवू नका

दोन वर्षं वापरतेय ही इन्फ्रारेड टेंपरेचर गन, ती लाल लेझरवाली, ऑनलाइन साडेनऊशेला घेतली होती आणि घेतली ती फक्त घावनांसाठी, कारण तवा कमी तापला की घावन चिकटतं आणि जास्त तापला की पीठ पसरायच्या आत जाळी धरून बसतं. बिडाच्या तव्यावर गन धरली, १८० च्या आसपास आकडा आला की पीठ ओतायचं, एकही घावन फुकट जात नाही. इथपर्यंत पैसे वसूल.

मग एक दिवस स्टीलच्या पातेल्यात पाणी खळाखळा उकळत होतं, बाहेरून गन धरली तर ४६! मला वाटलं गेली गन. सेल बदलला, तरी तेच. आणि गंमत म्हणजे पातेल्याजवळ नुसता हात नेला तरी आकडा हलायचा. शेवटी पातेल्याच्या पोटावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवली, मिनिटभर थांबले आणि टेपवर नेम धरला तर ९३. टेपच्या शेजारी दोन बोटं सरकलं की परत ४६-४७. पातेलं तेच, पाणी तेच.

तर ही गन तापमान मोजतच नाही हो, वस्तूतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं मोजते (साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची, डोळ्याला न दिसणारी) आणि त्यावरून आकडा काढते. तो हिशोब ब्लॅक बॉडीवर बेतलेला, म्हणजे अंगावर पडलेली सगळी किरणं गिळणारी आणि त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी बाहेर टाकता येतील तेवढी टाकणारी वस्तू. किर्चहॉफ या जर्मन शास्त्रज्ञानी १८५९ मध्येच सांगितलंय की जे चांगलं शोषतं तेच चांगलं बाहेर टाकतं. बीड, टेप, आपली कातडी, पाणी हे सगळे त्या ब्लॅक बॉडीच्या जवळ जातात. चकचकीत स्टील मात्र आलेली किरणं परत फेकतं, त्यामुळे स्वतःची फारच कमी सोडतं, आणि गनला दिसतात त्यात परावर्तित झालेल्या भिंती आणि माझा हात! स्वस्त गनमध्ये एमिसिव्हिटी (म्हणजे ब्लॅक बॉडीच्या तुलनेत वस्तू किती किरणं सोडते तो आकडा, ब्लॅक बॉडीचा १) ०.९५ वर फिक्स असते, आणि माझी तक्रार हीच की सोबतच्या कागदावर याचा एक शब्द नाही, उलट वर स्टीलच्या कढईचा फोटो छापलाय. लोक तळणीचं तेल असंच बाहेरून मोजायला जातील ना, ते धोक्याचं आहे.

माहेरी राजापूरला गन नेली होती तेव्हा चुलीवरच्या काजळी धरलेल्या टोपावर टेप न लावता बरोबर आकडा आला. आई ती काजळी बाहेरून कधीच घासून काढत नाही, म्हणते टोप लवकर तापतो, आणि ते खरंच आहे कारण जाळाची किरणं काळी बाजूच जास्त शोषते.

पण काळं म्हणजे डोळ्याला काळं असं समजू नका, मी तिथेच फसले होते. आमच्या सोलापूरच्या गच्चीला अर्ध्या भागात चुना मारलाय. मे महिन्यात दुपारी दोनला साधा कोबा ५८ आणि चुन्याचा भाग ४२. मला वाटलं पांढरा म्हणजे स्टीलसारखाच गनला फसवत असणार, म्हणून दोन्हीकडे टेप लावून पाहिलं तर आकडे जवळपास तेच. चुना ऊन परत फेकतो, पण स्वतःची उष्णता बाहेर टाकताना मात्र जवळजवळ ब्लॅक बॉडीसारखाच वागतो. म्हणून तर खालची खोली रात्री लवकर निवते. ही गोष्ट मला या गननी शिकवली, आणि यासाठी तरी मी तिला पाचपैकी चार देईन.

बाकी, लेझर फक्त नेम धरायला आहे, मोजणी त्याच्याभोवतीच्या गोलाची होते. माझी गन १२:१ ची आहे, म्हणजे बारा इंचांवरून एक इंचाचा गोल, त्यामुळे जवळून धरा. काचेच्या झाकणातून मोजलं तर आतल्या भाजीचं नाही, काचेचं तापमान येतं. तापबिप मोजायला ही वापरू नका, ती वेगळी येते. आणि दोन-चारशे जास्त गेले तरी एमिसिव्हिटी बदलता येणारी घ्या, मी आता तीच घेणारे, ही जुनी आईकडे जाईल, टेपच्या गुंडाळीसकट.